कुठलं डेटिंग अ‍ॅप घेऊ? आधी हेतू, मग अ‍ॅप

   आज जरा नाजूक, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला विषय घेतलाय. डेटिंग अ‍ॅप. कुठलं चांगलं, कुठलं घ्यावं, आणि पैसे भरावेत का?

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता माझ्या मावसबहिणीचा फोन आला. वय ३१, नोकरी नाशिकला. म्हणाली, "ताई, तीन अ‍ॅप टाकलीयत फोनमध्ये. दोन महिने झाले, एकाही माणसाला प्रत्यक्ष भेटले नाहीये. आता सहा महिन्यांचा प्लॅन घेऊ का? आज रात्रीपुरतीच सूट आहे म्हणे."

मी म्हटलं, "थांब जरा. आधी सांग, तुला नक्की काय हवंय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई म्हणते दिवाळीपर्यंत कुणी भेटलं नाही तर विवाहमंडळात नाव घालू. माझी लग्नाला ना नाही गं. पण पत्रिका, पॅकेज, फ्लॅट याच्याआधी मला माणूस कळायला हवा."

बघा, उत्तर तिच्याकडेच होतं. तिला नुसत्या ओळखी नको होत्या, पण उद्या लगेच साखरपुडाही नको होता. हे एकदा ठरलं की अ‍ॅप निवडणं निम्मं सोपं होतं, कारण प्रत्येक अ‍ॅप तुम्हाला वेगळ्या पद्धतीने वागायला लावतं.

आता एकेक पाहूया. टिंडर २०१२ साली आलं. फोटो बघायचा, आवडला तर उजवीकडे सरकवायचा, नाही तर डावीकडे. माणसं सगळ्यात जास्त इथेच, पण निर्णय दोन सेकंदांत. लग्न हवं असलेले, गंमत म्हणून आलेले, दोन दिवस गावात असलेले, सगळे एकाच रांगेत.

बंबल २०१४ चं. टिंडरच्या सुरुवातीच्या टीममधल्या व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी ते काढलं. स्त्री-पुरुष जोडीत पहिला निरोप बाईने पाठवायचा, तोही २४ तासांत, हा त्याचा मूळ नियम. २०२४ मध्ये त्यात थोडी सूट आली. आता बाई आधीच एक प्रश्न लिहून ठेवू शकते आणि पुरुष त्याला उत्तर देऊन सुरुवात करू शकतो. नको त्या मेसेजचा मारा इथे कमी होतो. पण ज्यांना पहिलं बोलायचा संकोच आहे त्यांचे मॅच बोलण्याआधीच संपून जातात. माझ्या बहिणीचं तेच होत होतं.

हिंजमध्ये नुसता फोटो लावून भागत नाही, तीन छोट्या प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात. समोरच्याला लाइक करताना त्याच्या एखाद्या फोटोवर किंवा उत्तरावर करायचं, त्यामुळे बोलायला विषय मिळतो. मोफत वापरात रोज मोजकेच लाइक, म्हणजे माणूस जरा विचार करतो. ओकेक्युपिड २००४ पासून आहे. ते ढीगभर प्रश्न विचारतं आणि मतं किती जुळतात त्याची टक्केवारी दाखवतं. धर्म, राजकारण, मुलं हवीत की नको, हे ज्यांना आधी कळायला हवं त्यांना ते बरं. आपल्याकडचं आयल हे २०१४ चं, गंभीर नात्याच्या शोधात असलेल्यांसाठी काढलेलं. म्हणजे डेटिंग आणि विवाहमंडळ यांच्या मधलं.

एक गंमत सांगते. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड या तिन्हींचा मालक एकच, मॅच ग्रुप नावाची अमेरिकन कंपनी. आणि आयलमध्ये २०२२ साली मोठा हिस्सा घेतला तो इन्फो एजने, म्हणजे जीवनसाथी आणि नोकरी या साइट चालवणाऱ्या कंपनीने. आपण दुकानं बदलतो, गल्ला बऱ्याचदा एकाच घरी जातो.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या गावात त्या अ‍ॅपवर माणसं आहेत का? मुंबई-पुण्याच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून घेतलेलं अ‍ॅप नाशिकला किंवा कोल्हापूरला चार दिवसांत रिकामं होऊ शकतं. अंतर वाढवलं की नाशिकवालीला ठाणे-मुंबईची मंडळी दिसायला लागतात. मग स्वतःला विचारा, दर भेटीला कसारा घाट उतरायची तयारी आहे का? असेल तर अंतर वाढवा. नसेल तर उगाच शंभर मॅच जमवून काय करणार?

म्हणून माझा सल्ला असा. दोनच अ‍ॅप घ्या, फुकटची, तीन आठवडे. मॅच मोजू नका. दोन गोष्टी मोजा: किती जणांशी चार दिवसांपेक्षा जास्त बोलणं टिकलं, आणि किती जण प्रत्यक्ष भेटीपर्यंत आले. ज्या अ‍ॅपवर हा आकडा शून्य, ते काढा.

पैशांचं काय? प्लॅन घेतल्यावर तुम्हाला कोणी लाइक केलं ते दिसतं, जास्त लाइक करता येतात, प्रोफाइल थोडा वेळ वर आणता येतं. चांगला माणूस मात्र विकत मिळत नाही. फुकटात बोलणं जमत नसेल तर पैसे भरून जमेल याची खात्री नाही. दरही सगळ्यांना सारखे नसतात. २०१५ साली टिंडरने अमेरिकेत पैसे भरायची सोय आणली, तेव्हा तिशीच्या आतल्यांना महिना ९.९९ डॉलर आणि तिशीपुढच्यांना १९.९९ डॉलर लावले होते. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. तेव्हा "आजच्यापुरती सूट" बघून रात्री अकराला कार्ड काढू नका. घ्यायचंच असेल तर आधी एका महिन्याचं घ्या.

आणि हो, फोनमधून अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही बरं का! आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करायचं. प्ले स्टोअरवरून घेतलेला प्लॅन तिथे जाऊन वेगळा रद्द करायचा, नाहीतर पैसे कापले जातच राहतात.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. प्रोफाइलवरची ती निळी खूण काय सांगते? बहुतेक वेळा सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला चेहरा एकच आहे, एवढंच. माणूस अविवाहित आहे, नोकरी खरी आहे, हे ती सांगत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागतं, आणि विचारायला लाजू नका. भेटायच्या आधी एकदा व्हिडिओ कॉल करा. सतत टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी. जागा तुम्ही ठरवा. समोरचा एकाच अनोळखी कॅफेचा हट्ट धरत असेल तर सावध व्हा, कारण मुंबई-दिल्लीत अशा जागी नेऊन हजारोंचं बिल गळ्यात मारल्याचे प्रकार झालेत. हे पुरुषांनीही नीट ऐका. मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवा, जायची-यायची सोय स्वतःची ठेवा. आणि न भेटलेला माणूस गुंतवणुकीबद्दल बोलायला लागला किंवा अडचण सांगून पैसे मागू लागला, तर विषय संपला. पैसे गेलेच तर लाजेपायी गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. खासगी फोटोंवरून कोणी धमकावलं तरी पैसे देऊ नका. चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तक्रार करा.

तर माझ्या बहिणीने त्या रात्री प्लॅन घेतला नाही. दोन अ‍ॅप काढली, एक ठेवलं. प्रोफाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं, "लग्नाचा विचार आहे, घाई नाही." लाइक निम्म्यावर आले. वैतागून म्हणाली, "ताई, हे काय करून ठेवलंस!" पण मागच्या रविवारी ती एकाला गंगापूर रोडला कॉफीसाठी भेटली. दोन तास बोलले. पुढे काय होईल ते होईल, पण आईला तिने स्वतःहून सांगितलं की मी कोणाला तरी भेटले. मला वाटतं, तिच्यासाठी हेच मोठं होतं.

तुमचा अनुभव काय आहे? कुठलं अ‍ॅप ठेवलंत, कुठलं काढलंत, आणि का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घाईत कार्ड काढू नका!