थेऊरची रमाबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या वर्षी चार शब्द तुम्हीच बोला, असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पांडित्याचे बोलणे मजकडून व्हायचे नाही. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या वाचनवर्गात रणजित देसाई यांची ‘स्वामी’ कादंबरी संपली. शेवटचे पान वाचताना बहुतेकींनी डोळ्यांना पदर लावला, आणि एकजण म्हणाल्या, “प्रेम असावे तर असे!” ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

कादंबरीतले संवाद लेखकाच्या कल्पनेचे असतात. पण माणसे खरी होती. माझे माहेर धुळ्याचे. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या बाडांतले कागद जमवले आणि १९२६ साली धुळ्यासच देह ठेवला. अशा लोकांनी कागद राखले, म्हणून पेशवाईतली माणसे आपल्याला आज ओळखीची वाटतात.

माधवरावांचा जन्म १७४५ चा. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत घात झाला, त्याच वर्षी वडील नानासाहेब गेले, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पेशवाई आली. आपल्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ते ओझे कळेल. घरात काकांची भाऊबंदकी, बाहेर निजाम आणि हैदर, तिजोरीत कर्ज. रमाबाई त्यांची लहानपणीच लग्न होऊन आलेली पत्नी. संसार सुरू होतो न होतो तोच माधवरावांना राजयक्ष्मा, म्हणजे आपण ज्याला क्षय म्हणतो तो जडला. पुढे स्वारीवर निघावे आणि दुखण्याने मागे फिरावे लागावे, अशी वेळ आली.

शेवटचे दिवस त्यांनी थेऊरास चिंतामणीच्या देवळाजवळ काढले. या दुखण्यातून उठणे नाही, हे त्यांना कळून चुकले होते. अशा वेळी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्यांनी तसे केले नाही. नऊ कलमांची याद करवली. त्यात दौलतीवरचे कर्ज फेडावे, असे बजावले. धाकटा भाऊ नारायणराव याचा हात काकांच्या हाती दिला. थोडे दिवस उरले, तर त्या दिवसांत करण्याजोगे जे काम असेल ते करावे, एवढे त्यांनी जाणले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेले. वय अवघे सत्तावीस. मूलबाळ नव्हते. रमाबाई थेऊरासच सती गेल्या. नदीकाठी आजही त्यांचे वृंदावन दाखवतात.

आता मुद्द्याचे बोलते. “प्रेम असावे तर असे” म्हणताना आपण कोणत्या दिवसाकडे बोट दाखवतो? त्या शेवटच्या दिवसाकडे. मला वाटते, बोट चुकीच्या जागी जाते. ज्या घरात मोठे दुखणे येते त्या घरातल्या बाईला विचारा. रात्री चारदा उठून पाणी पाजणे, भिजलेला सदरा बदलणे, मऊ भात कालवून दोन घासांसाठी तासभर बसणे, आणि बाहेर येऊन पाहुण्यांना “आज बरे आहे” असे हसून सांगणे. याला वाजंत्री नाहीत आणि वृंदावनही नाही. तरुण नवराबायकोची प्रीती हसण्याखेळण्यात दिसते हे खरे. पण तिची कसोटी आजाऱ्याच्या उशाशी लागते. रमाबाईंच्या जिवाला त्या काळात काय झाले असेल, ते नुसते मनात आणले तरी मी त्यांना हात जोडते. चितेला मात्र हात जोडणार नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. काळ तसा होता, तरी सगळी माणसे तशी नव्हती. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले. ती सून म्हणजे अहिल्याबाई. थेऊरास चिता पेटली त्या वेळी त्या राज्यकारभार पाहत होत्या, आणि १७९५ पर्यंत त्यांनी तो पाहिला. किती घाट, किती विहिरी, किती देवळे! एका सासऱ्याने सुनेला जगायला सांगितले, त्याचे हे फळ. रमाबाईंना असे सांगणारे आणि मागे मानाने राहू देणारे कोणी पुढे आले असते तर?

इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या जळगावला लागून असलेल्या आसोद्याची लेक आणि जळगावच्या चौधरी वाड्याची सून बहिणाबाई. नथुजी गेले तेव्हा त्या साधारण तिशीच्या होत्या. पदरी मुले आणि पुढे शेताचे काम. अक्षरओळख नव्हती, पण जाते ओढता ओढता आणि शेतात खपता खपता ओव्या सुचत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज खानदेशच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मागे राहिलेल्या बाईच्या दुःखाला काही अर्थ येतो तो असा. तिला जगू दिले, म्हणून तो आला.

क्षयाचे तेव्हाचे भय आता उरलेले नाही. १८८२ साली कॉक या जर्मन डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. आता सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. साध्या क्षयाला साधारण सहा महिने न चुकता ते घेतले, तर बहुतेक माणसे बरी होतात. पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर लपवू नका. क्षय आहे म्हणून ठरलेले लग्न मोडू नका आणि सुनेला माहेरी धाडू नका. तरीही काही दुखणी अशी आहेतच की ज्यांपुढे डॉक्टर हात टेकतात. तशा घरी गेलात तर हाय हाय करू नका. एक वेळचे जेवण पोचवा, दोन तास आजाऱ्याजवळ बसा, म्हणजे ती माउली जरा डोळा लावील. आणि आजाऱ्याला काही सांगायचे असेल, तर “असे अभद्र बोलू नये” म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. माधवरावांनी दौलतीच्या कर्जाचे सांगितले. आपल्या घरच्या माणसाने “माझ्यामागे तू नीट राहा, हौसेने राहा” एवढे सांगितले, तर त्या बाईला जन्माची शिदोरी होते.

शेवटी एक मागणे. सतीची चाल कायद्याने केव्हाच बंद झाली. १९८७ च्या कायद्याने तर तिचे गोडवे गाणेही गुन्हा ठरवले. पण नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे आणि तिला हळदीकुंकवातून वगळणे, ही तिला जिवंतपणी जाळण्याचीच तऱ्हा नाही का? कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या प्रथा बंद केल्या. एका खेड्याला जे जमले ते आपल्या मंडळाला का जमू नये? येत्या संक्रांतीला आपल्या यादीत गल्लीतल्या सगळ्या बायकांची नावे असावीत, मग कपाळ कसेही असो. वर्षानुवर्षे नवऱ्याचे दुखणे काढलेल्या दोघीतिघी याच आळीत आहेत. पहिले वाण त्यांच्या हाती द्यावे, असे मी सुचवते. अध्यक्षीणबाईंनी हा ठराव सभेपुढे मांडावा आणि आपण सर्वांनी हात वर करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.