जवळचे सरकार : इंग्लंडमधील एका डिस्ट्रिक्टची निवडणूक



इंग्लंडच्या पार्लमेंटविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच देशातील एखाद्या खेड्यातला मतदार दारातला कचरा उचलण्याचे आणि शेजारच्या शेतात घरे बांधू द्यावीत की नाही हे ठरविण्याचे काम ज्या लहानशा संस्थेवर सोपवितो, तिची निवडणूक कशी होते हे मराठीत क्वचितच वाचावयास मिळते. आज मी त्या संस्थेविषयी बोलणार आहे आणि त्यासाठी एकच ठिकाण घेणार आहे : इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यातले मिड सफोक हे डिस्ट्रिक्ट.

अनुवादकाची पहिली अडचण शब्दापाशीच सुरू होते. 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल'चे भाषांतर 'जिल्हा परिषद' असे करण्याचा मोह होतो. पण ते वाचकाची दिशाभूल करील. जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाखो लोकवस्तीचा प्रदेश आणि त्यावरचा जिल्हाधिकारी येतो. मिड सफोकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार एक लाखाहून थोडीच अधिक आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ८७१ चौरस किलोमीटर. विस्ताराने ते आपल्या एखाद्या तालुक्याएवढे भरेल. म्हणून मी 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द तसाच ठेवतो.

इंग्लंडच्या पुष्कळशा ग्रामीण भागात स्थानिक कारभाराचे तीन थर आहेत. सर्वांत वर परगण्याचे म्हणजे काउंटीचे कौन्सिल. शाळा, रस्ते, वृद्धांची व अपंगांची देखभाल आणि सार्वजनिक ग्रंथालये ही त्याची जबाबदारी. सर्वांत खाली पॅरिश कौन्सिल. गावचे मैदान, स्मशानभूमी, रस्त्याकडेची बाके अशी कामे ते पाहते. मिड सफोकमध्ये अशी शंभराहून अधिक पॅरिशे आहेत. ह्या दोहोंच्या मध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिल येते. घरबांधणीचे परवाने, गृहनिर्माण, सार्वजनिक आरोग्याची तपासणी, कचरा गोळा करणे आणि कर वसूल करणे ही त्याची मुख्य कामे होत. ह्या वाटणीत काही गमतीही आहेत. कचरा दारातून उचलायचा डिस्ट्रिक्टने, पण त्याची अखेरची विल्हेवाट लावायची काउंटीने! कराचे बिल पाठवायचे डिस्ट्रिक्टने, पण त्या रकमेतला सर्वांत मोठा वाटा जायचा काउंटीकडे. बिलावर नाव डिस्ट्रिक्टचे असल्यामुळे नागरिकाचा राग मात्र बहुधा त्याच्याच वाट्यास येतो.

ही रचना फार प्राचीन नाही. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण आणि नागरी डिस्ट्रिक्टे प्रथम अस्तित्वात आली. १९७२ च्या कायद्याने ती मोडून नवी, अधिक मोठी डिस्ट्रिक्टे निर्माण करण्यात आली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती कारभार पाहू लागली. स्टोमार्केट हे बाजाराचे गाव, आय नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे पुरातन बरो आणि भोवतालची तीन ग्रामीण डिस्ट्रिक्टे एकत्र करून त्या दिवशी मिड सफोक जन्मास आले. आयसारख्या चिमुकल्या गावास स्वतःचे कौन्सिल होते आणि ते एका कायद्याने गेले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता प्रत्यक्ष निवडणुकीकडे वळू. डिस्ट्रिक्टचे वॉर्ड पाडलेले असतात. मिड सफोकमध्ये २०१९ पासून एकूण ३४ सदस्य निवडले जातात. काही वॉर्डांतून एक, काहींतून दोन. जेथे दोन जागा असतात तेथे मतदाराला दोन मते असतात. ती दोन्ही एकाच पक्षाला द्यावीत असे बंधन नाही, आणि शेजारी म्हणून एकाला व पक्ष म्हणून दुसऱ्याला मत देणारे लोकही असतात. उमेदवाराला अनामत रक्कम भरावी लागत नाही. निवडून आलेल्याला भत्ता मिळतो, पगार नाही. पुष्कळ सदस्य आपापला व्यवसाय सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हे काम करतात.

मतदान मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते. त्या दिवशी सुट्टी नसते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान चालू असते, म्हणजे कामावर जाणाऱ्याला जाताना किंवा येताना मत देता यावे. मतदान केंद्र शाळेत, गावच्या सभागृहात, कधी चर्चमध्ये असते. यंत्र नाही. कागदी मतपत्रिका आणि तिच्यावर फुली मारण्यासाठी दोरीने बांधलेली पेन्सिल, एवढीच सामग्री. मते समसमान पडली तर निर्णय चिठ्ठीवर सोपविला जातो. नॉर्थम्बरलंडमध्ये २०१७ साली एका वॉर्डात असेच झाले आणि नशिबाचा कौल विरुद्ध गेल्यामुळे हुजूर पक्षाचे त्या कौन्सिलातील बहुमत एका जागेने हुकले. एका मताला काय अर्थ, असे विचारणाऱ्याला ह्याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

आणि तरीही मत देण्यास येतात किती? सामान्यतः शंभरांतले तीस ते चाळीस. लोकसभेसाठी रांगा लावणाऱ्या आपल्या वाचकाला ह्याचे आश्चर्य वाटेल. पण दुसरी बाजूही आहे. वॉर्डातील मतदारांची संख्या दोन-तीन हजारांची, त्यांतून मत देणारे आणखी कमी. तेव्हा दारोदार हिंडणारा उमेदवार प्रत्येक उंबरठ्यावर पोहोचू शकतो. तेथील प्रचारात सभांना फारसे स्थान नाही. दारावर थाप, दोन मिनिटांचे बोलणे, पत्रपेटीत टाकलेले पत्रक, असा तो प्रचार असतो. ज्याने चार वर्षे पावसाच्या पाण्याची तक्रार ऐकून घेतली आणि पुढे नेली, त्याला लोक ओळखतात. पक्षाचे नाव त्यानंतर येते.

मिड सफोकमध्ये ४ मे २०२३ रोजी जे घडले ते ह्या संदर्भात पाहिले पाहिजे. हा शेतीचा प्रदेश, परंपरेने हुजूर पक्षाचा. १९७३ साली एका लहान गटाच्या रूपाने जन्मलेला आणि १९८५ पासून ग्रीन ह्या नावाने ओळखला जाणारा पक्ष पुष्कळांच्या लेखी विद्यापीठांच्या शहरांतला, तरुणांचा पक्ष. पण २०१९ च्या निवडणुकीतच त्याने येथे ३४ पैकी १२ जागा मिळविल्या होत्या. २०२३ मध्ये त्याला २४ जागा मिळाल्या. हुजूर पक्षाला ६ आणि लिबरल डेमोक्रॅटांना ४. ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलात ग्रीन पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे जुलै २०२४ मध्ये ह्याच भागाचा काही अंश सामावून घेणाऱ्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून त्या पक्षाचे एड्रियन रॅम्झी पार्लमेंटवर निवडून आले.

ह्या विजयाचे श्रेय केवळ पर्यावरणाच्या विचाराला देता येत नाही. त्या वर्षी देशभर हुजूर पक्षाविरुद्ध नाराजी होती, हे खरेच. पण लोकांच्या दाराशी बोलला जाणारा विषय हवामानाचा कमी आणि आसपासच्या शेतांवर उभ्या राहणाऱ्या घरांचा अधिक, असे ग्रामीण इंग्लंडमध्ये सर्वत्र दिसते. घरे हवीत हे सर्वांना मान्य. पण नव्या वस्तीबरोबर शाळा, दवाखाना आणि रस्ता येतो का, हा प्रश्न. जो पक्ष वर्षानुवर्षे एकेक वॉर्ड चालून हे ऐकत राहिला, त्याला मते मिळाली, असा माझा तर्क आहे.

परंतु निवडून आल्यावर सत्ता किती मिळते? येथेच विषयाचे मर्म आहे. डिस्ट्रिक्टने एखाद्या बांधकामाला परवानगी नाकारली, तर बांधणारा अपील करू शकतो आणि केंद्र सरकारच्या मंत्र्याच्या वतीने निरीक्षक तो निर्णय फिरवू शकतो. नॉरिचपासून टिलबरीपर्यंत उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याची योजना ह्याच भागातून जाते. खेड्यांतून तिला मोठा विरोध झाला आहे. परंतु राष्ट्रीय महत्त्वाच्या अशा योजनांचा निर्णय २००८ च्या कायद्याप्रमाणे मंत्र्याच्या हाती असतो, कौन्सिलच्या नव्हे. कर ठरावीक मर्यादेबाहेर वाढवावयाचा तर २०११ च्या कायद्याने सार्वमत घ्यावे लागते. म्हणजे मतदार ज्यांना निवडून देतो, त्यांच्या एका हाताला दोरी बांधलेलीच असते.

एवढेच नव्हे, तर संस्थेचे अस्तित्वही तिच्या मतदारांच्या हाती नाही. एका शाही आयोगाने १९६९ साली शिफारस केली होती की इंग्लंडच्या बहुतेक भागात दोन थर नकोत, एकच मोठे कौन्सिल असावे. १९७० साली सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाच्या सरकारने ती मानली नाही आणि १९७२ चा दुहेरी कायदा आला. पंचावन्न वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, सरकारने श्वेतपत्रिका काढून तीच कल्पना पुन्हा मांडली : दोन थर संपवावेत, साधारणतः पाच लाख किंवा अधिक लोकसंख्येची एकेरी कौन्सिले निर्माण करावीत. ह्या फेररचनेसाठी सफोकसह नऊ कौन्सिलांच्या मे २०२५ च्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. मिड सफोकच्या मतदारांनी २०२३ साली जे कौन्सिल इतक्या उत्साहाने बदलले, तेच ह्या योजनेनुसार मोडीत निघावयाचे आहे.

एकत्रीकरणाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे पोकळ नाहीत. दोन कार्यालये, दोन अधिकारीवर्ग, कचऱ्याची उचल एकाकडे व विल्हेवाट दुसऱ्याकडे, ह्यांत पैसा जातो आणि नागरिक गोंधळतो. मिड सफोक आणि शेजारचे बाबर्ग ही दोन डिस्ट्रिक्टे आपला अधिकारीवर्ग पूर्वीपासूनच सामाईक ठेवतात. पूर्ण विलीनीकरणाविषयी २०११ मध्ये दोन्हीकडे लोकांचे मत घेण्यात आले. मिड सफोकने होकार दिला, बाबर्गने नकार दिला आणि विलीनीकरण झाले नाही. त्या वेळी निदान विचारले तरी गेले होते. मला महत्त्वाचे वाटते ते हेच. काटकसर करावी, रचना बदलावी. पण ज्या संस्थेसाठी माणसे पावसात चालत जाऊन फुली मारतात, ती ठेवायची की नाही, हे त्यांना पुसल्यावाचून ठरू नये. पाच लाखांच्या कौन्सिलचा सदस्य दहा हजार उंबरठ्यांवर थाप मारू शकणार नाही, आणि आयच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल.

भारतीय वाचकाचा ह्या विषयाशी दोन बाजूंनी संबंध येतो. पहिला संबंध प्रत्यक्ष मतदानाचा. इंग्लंडमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, ह्या निवडणुकांत मत देता येते आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असल्यास उभेही राहता येते. आपले व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत लंडनमधील सेंट पँक्रस बरोचे कौन्सिलर होते. भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्याच शहरात झगडणाऱ्या ह्या गृहस्थांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कामात विशेष लक्ष घातले आणि १९५५ साली त्या बरोने त्यांना आपले मानाचे नागरिकत्व बहाल केले. परक्या साम्राज्याच्या राजधानीत एका वॉर्डाची सेवा करणे आणि साम्राज्याला विरोध करणे, ह्यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

दुसरा संबंध तुलनेचा. १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांच्या ठरावाने आपल्याकडील स्थानिक स्वराज्याला दिशा मिळाली. पुढे १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंतच्या संस्थांना राज्यघटनेत स्थान मिळाले. इंग्लंडमधील डिस्ट्रिक्टला असे कवच नाही. पण कवच असले म्हणजे आतला जीव सुरक्षित असतोच असे नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिचा कारभार निवडून दिलेल्या नगरसेवकांवाचून, प्रशासकाकडून चालला. तेथे संस्था मोडावयाची आणि निवडणूक त्यासाठी लांबवावयाची. येथे संस्था कायम राहिली आणि इतकी वर्षे निवडणूकच झाली नाही. दोन्हीकडे गटाराची तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला उत्तर देण्यास बांधलेला प्रतिनिधी उरत नाही.

म्हणून अशा लहान निवडणुकीकडे मोठ्या राजकारणाची रंगीत तालीम म्हणून पाहू नये. वृत्तपत्रे तसे पाहतात. दुसऱ्या दिवशी कोणत्या राष्ट्रीय पक्षाचे किती वाढले, किती घटले, एवढेच मोजतात. मिड सफोकच्या मतदाराने त्या गुरुवारी ठरविले ते मात्र वेगळे होते : आपल्या गावाच्या कडेला काय उभे राहील, आणि तक्रार घेऊन आपण कोणाकडे जाऊ. एवढे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहील की नाही, हे पुढील काही वर्षांत दिसेल. आपल्या गावी, आपल्या वॉर्डात तो अधिकार आज कोणाकडे आहे, ह्याची चौकशी आपणही करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.