पत्रकाच्या तळाची ओळ

बेळगावहून खानापूरकडे निघालं की उद्यमबागेतले कारखाने मागे पडतात आणि पिरनवाडी लागते. बेळगाव परिसर महाराष्ट्रात यावा यासाठीच्या सीमालढ्याच्या मोर्चांत या भागातले विद्यार्थी, कामगार, शेतकरी सगळेच उतरले. 1 नोव्हेंबरचा काळा दिवस असो की जून 1986 मधलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, हाक पोचवायला हस्तपत्रक हवंच.

अशा पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण. 1867 च्या कायद्याने ती सक्तीची होती. म्हणजे मजकूर कुणाचाही असो, पोलीस आधी प्रेसवाल्याचं दार ठोठावणार! म्हणून घाईच्या वेळी सायक्लोस्टाइल बरं पडे. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, शाईचा रूळ फिरवायचा, आणि स्टेन्सिल फाटेपर्यंत प्रती काढायच्या. भिंतीवर चिकटवायला कणकेची खळ.

याच सीमाभागातल्या निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार बायका संघटित झाल्या, तेव्हा ‘युगांतर’ या गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. पत्रकांचं नशीब एवढं कुठलं? ती गेली रद्दीत, नाहीतर फडताळाच्या तळाशी अंथरायला.

आपल्या घरी एखादं सापडलं, तर लॅमिनेशन मुळीच करू नका. घडी उलगडून सपाट ठेवा. ‘येत्या रविवारी’ एवढंच छापलेलं असतं, साल बहुधा नसतंच. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ते मागे शिसपेन्सिलीने लिहा. शाईचं पेन नको, शाई कागदात उतरते.