कानाजवळ ‘कट्’ वाजतंय? परीक्षेच्या दिवसांत दुखणारा जबडा

(पॉडकास्टच्या या भागातल्या बोलण्याचा लिखित मजकूर)

आधी एक छोटंसं काम करा. काही बोलू नका, तोंड मिटा आणि बघा, आत्ता या क्षणी तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मी अक्कलकोटात दातांचा दवाखाना चालवते. आमच्याकडे विद्यार्थी भरपूर येतात. काही इथल्याच कॉलेजातले असतात, काही मैंदर्गी, दुधनी, वागदरीकडून एसटीनं येणारे, तर काही सोलापूर विद्यापीठात शिकणारे आणि सुट्टीला घरी आलेले. त्यांच्यातले बरेच जण एकच वाक्य घेऊन येतात, “मॅडम, अक्कलदाढ दुखतीय, काढून टाका.” तपासलं तर दाढ बऱ्याचदा ठणठणीत असते, आणि दुखत असतो कानापुढचा जबड्याचा सांधा किंवा त्याच्या आसपासचे स्नायू. आमचा तालुका सीमेवरचा. कन्नडमध्ये जबड्याला ‘दवडे’ म्हणतात आणि दाढेला ‘दवडे हल्लु’. त्यामुळे गाल धरून कुणी ‘दवडे’ म्हटलं, की नेमकं काय दुखतंय ते बोट ठेवूनच विचारावं लागतं. हा फरक कळला नाही, तर धडधाकट दाढ जाते आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून आज हे बोलणं.

हा सांधा कुठं असतो? कानाच्या भोकापुढं दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी हलतंय ना, तोच. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. दार बिजागरीवर नुसतं फिरतं, हा सांधा आधी फिरतो आणि मग पुढं सरकतो. दोन्ही हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली, की तोंड उघडताना परत जागेवर येते आणि ‘कट्’ असा आवाज होतो. नुसता आवाज येतोय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर घाबरू नका. असा आवाज खूप लोकांना येतो आणि बहुतेकांना उपचार लागत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. विद्यार्थ्यांनाच हे का होतं?

यावरचं डॉक्टरांचं मत बदलत गेलंय. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानदुखी, डोकेदुखी आणि जबड्याचं दुखणं एकत्र मांडलं. त्याचं मूळ दातांच्या ठेवणीत आहे, मागच्या दाढा गेल्या की सांध्यावर दाब येतो, असं त्यांचं म्हणणं. मग बरीच वर्षं दात घासून कमी करणं, ठेवण बदलणं असे उपाय चालले. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी स्नायूंचा थकवा आणि मनावरचा ताण पुढं आणला. आज आपण म्हणतो, कारण एकच नसतं. शरीर, मन, सवयी आणि झोप या सगळ्यांची बेरीज होते. आणि या दुखण्याचं प्रमाण वीस ते चाळीस वयात जास्त, मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतं.

पहिलं कारण, दात आवळणं. आपली भाषा बघा ना. राग आला की माणूस दातओठ खातो, भीतीनं दातखीळ बसते. ताण जबड्यात जातो हे आपल्या आज्यांना माहीतच होतं. वरचे-खालचे दात टेकायची गरज फक्त चावताना आणि गिळताना. दिवसभराचा हा वेळ जोडला, तर साधारण वीस मिनिटांच्या आसपास भरतो, असं मानतात. आता अभ्यासिकेत बसलेल्या मुलाचा विचार करा. सलग चार तास गणितं सोडवतोय, दात घट्ट मिटलेले, आणि त्याला पत्ताच नाही. संध्याकाळी कानशिलं दुखतात, तो म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

दुसरं, झोपेत दात खाणं. लहानपणी कुणी दात खाल्ले, की घरात म्हणायचे, जंत झालेत. मोठ्या वयात तरी ताण, अपुरी झोप, सिगारेट, रात्रीचा भरमसाट चहा-कॉफी यांच्याशी त्याचा संबंध दिसलाय. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही हे वाढू शकतं. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी बोलायचं.

तिसरं, बारीकसारीक सवयी. पेनचं टोपण चावणं, नखं खाणं, तासन्‌तास च्युइंगम, हनुवटी तळहातावर टेकवून एका कुशीवर मोबाइल बघणं. एकेकटी सवय फार काही बिघडवत नाही, पण आधीच दमलेल्या स्नायूंवर तिचा भार पडतो.

चौथं, मार. गाडीवरून किंवा खेळताना पडलो, हनुवटीवर आपटलो, टाके घातले, विषय संपला असं वाटतं. पण हनुवटीवरचा धक्का थेट सांध्यापर्यंत जातो.

आता आपल्या सोलापूरकरांचा लाडका प्रश्न. कडक भाकरीनं जबडा बिघडतो का? निरोगी सांध्याला कडक भाकरी जड नाही. पण दुखत असेल, तर पंधरा दिवस ती आमटीत चांगली भिजवून खा. शेंगदाण्याची चटणी सोडायची गरज नाही.

सुपारी, मावा, गुटखा यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवयी गेलेल्या नाहीत. सुपारीमुळं गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट लागलं की आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. या आजाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये वापरलं. हा सांध्याचा आजार नाही, आणि यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे तोंड उघडत नाही म्हणून ‘टेन्शन असेल’ असं गृहीत धरू नका. सुपारी खाता का, हे डॉक्टरांना खरं सांगा. घरी कळेल या भीतीनं लपवू नका.

इंटरनेटवर तुम्ही वाचाल, ‘निम्म्या विद्यार्थ्यांना जबड्याचा विकार’. असे बरेच आकडे प्रश्नावलीतून येतात. फोन्सेका यांची प्रश्नावली त्यात खूप वापरली जाते. दहा प्रश्न, ‘हो’ला १०, ‘कधीकधी’ला ५, ‘नाही’ला ०. बेरीज २० झाली की ‘सौम्य विकार’. आता समजा, मान दुखते, हो. स्वभाव तणावाचा, हो. डोकं कधीकधी दुखतं. झाले २५! जबड्याला काही न होता हा विद्यार्थी यादीत गेला. शिवाय एकदाच केलेल्या पाहणीतून ताणामुळं दुखलं, की दुखण्यामुळं ताण आला, हे कळत नाही. म्हणून प्रश्नावली ही धोक्याची घंटा समजा. निदान तपासणीनंतरच होतं.

मग करायचं काय? एक मंत्र लक्षात ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मोबाइलवर दर तासाचा गजर लावा आणि तो वाजला की जबडा सैल सोडा. गालाला कोमट शेक घ्या. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा एकदम ताणला जात नाही. घास लहान घ्या, काही दिवस मऊ खा. झोप कापून अभ्यास करू नका. रोज मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर परीक्षा काढू नका. बहुतेकांना एवढ्यानं काही आठवड्यांत आराम पडतो. रात्री दात खात असाल, तर दंतवैद्य मापाचं कव्हर बनवून देतात.

पण आपली उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, जबडा अडकत असेल, सूज, ताप किंवा बधिरपणा असेल, तर थांबू नका. जवळच्या दंतवैद्याकडं किंवा सोलापूरच्या सिव्हिलला जा. तोंड उघडं राहून मिटतच नसेल, तर त्याच क्षणी निघा. आणि फक्त या दुखण्यासाठी कुणी निरोगी दात घासून कमी करायला, दाढ काढायला किंवा थेट ऑपरेशन करायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत उगवत नाही.

शेवटचं, घरच्यांसाठी. मुलगी म्हणाली जबडा दुखतोय, तर ‘अभ्यासाचं नाटक’ म्हणू नका. ताणातून आलेलं दुखणं खरंच दुखतं. तिला विचारा, रात्री झोप लागते का? बऱ्याचदा उपचाराची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, दात परत टेकले असतील. सोडा बघू!