खरूज : औषध सगळ्या घराला
(विहारात दिलेले व्याख्यान)



आज आम्ही खरजेवर बोलणार आहोत. काहींना हसू येईल. पण ऊसतोडीच्या हंगामात कोपीत, किंवा आपल्याच एका खोलीच्या घरात, एका वाकळेत चार पोरं झोपतात आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. रात्री जास्तच.

मग आपण काय करतो? जो खाजवतो त्यालाच औषध लावतो. इथंच बिघडतं. खरजेचा बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे न खाजवणाऱ्या आजीच्या अंगावरही किडा असू शकतो. म्हणून एकाच रात्री साऱ्या घरानं परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे. बेचक्या, बेंबी, नखांखालची जागा सोडू नये. आठ ते बारा तासांनी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. तान्ही बाळं आणि गरोदर बाया यांचं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

त्याच दिवशी कपडे गरम पाण्यात धुवावेत. वाकळ धुण्याइतकं पाणी नसेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. खाज पुढे दोन-तीन आठवडे राहते. तेवढ्यावरून औषध फुकट गेलं समजून रोज मलम चोपडू नका.

नायट्याची गोष्ट वेगळी. त्यावर दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारनं २०१८ साली केला. आपणही ती मागू नयेत.

आणि लपवाछपवी कशाला? महावग्गात आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकिगत आहे. फोडांच्या लसीनं त्यांचं चीवर अंगाला चिकटायचं, भिक्खू पाणी लावून ते सोडवायचे. भगवंतांनी हे पाहून अशा आजारी भिक्खूंना फोड झाकायला वेगळं वस्त्र वापरण्याची अनुज्ञा दिली. त्यांना कुणी संघाबाहेर बसवलं नाही.

फोडांत पू झाला, पोराचं तोंड सुजलं किंवा लघवी लालसर झाली, तर थेट सरकारी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाला धोका असतो.

मलम आणायला जाताना घरातली माणसं मोजून जा. मोठ्या माणसाला एका वेळेस ३० ग्रॅमची ट्यूब लागते.