शाकारलेल्या होडीला वारा हवा

चारकोपच्या पश्चिमेला खारफुटी, पलीकडे मनोरीची खाडी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, यांत्रिक होड्या शाकारलेल्या. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकली की लाकूड, दोर आणि गाद्यांवर बुरशी धरते.

होडी झाकण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा, कारण अंगावरचं मीठ हवेतला ओलावा ओढतं. ताडपत्री घट्ट आवळू नका. आडव्या बांबूवर ती उंच ताणा, दोन्ही टोकं उघडी ठेवा. तळातलं पाणी उपसा, खणांची झाकणं उघडी राहू द्या. जाळी ओली गुंडाळू नका.

बुरशी दिसलीच तर कोरडी खरवडू नका, तिचे बीजाणू श्वासात जातात. तोंडाला मास्क, हातात मोजे घाला. पांढरं व्हिनेगर लावून तासभर थांबा, मग साबणाच्या पाण्याने घासा, पुसा, वाळवा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

गळती बुजवल्याशिवाय बुरशी हटत नाही. म्हणून मच्छीमार बंधू-भगिनींनो, उघडीप मिळताच ताडपत्री उचला आणि होडी आतून तपासा.