नाताळचा आनंद आणि नाताळचा शीण

(महिलांच्या सभेंत केलेलें भाषण)



‘नाताळ आणि आपलें घर’ ह्या विषयावर मीं दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. विषय गोड आहे. परंतु केवळ गोड बोलून मी खालीं बसलें, तर येथील भगिनीच मला जाब विचारतील.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्या वसईंत आला. त्याचा मूळ अर्थ जन्मासंबंधीं. आणि जन्म म्हटला कीं वेदना आल्याच. संत लूकचें शुभवर्तमान उघडून पाहा : कैसर ऑगस्टसच्या नांवनिशीच्या हुकुमामुळें घडलेला प्रवास, उतारशाळेंत न मिळालेली जागा आणि बाळाला निजवावयास गव्हाण. पहिल्या नाताळची यातायात काय थोडी होती ? सन १२२३ मध्यें संत फ्रान्सिसनें ग्रेच्चो येथें गव्हाण मांडून, बैल व गाढव आणून हा देखावा उभा केला, तो त्याच दैन्याचें दर्शन डोळ्यांना घडावें म्हणून. आपण मात्र गोठ्यावर विजेच्या माळा अशा सोडतों कीं बाळ शोधावें लागतें ! असो.

माझेंच सांगतें. कैक वर्षें डिसेंबर उजाडला कीं माझ्या छातींत धडकी भरे. घराची रंगसफेदी, मुलांचे कपडे, नेवऱ्या, पाहुण्यांचीं अंथरुणें, आणि उसनवारीचा हिशेब. मध्यरात्रीच्या मिस्सेला मी गुडघे टेकीं तें डुलकी घेण्यासाठींच ! एका वर्षीं दोदोल ढवळतां ढवळतां मी यजमानांना म्हटलें, “एखादें वर्ष नाताळ आलाच नाहीं, तर किती बरें होईल !” ते हंसले आणि माझ्या हातांतला कालथा घेऊन स्वतः ढवळूं लागले.

पुढल्याच वर्षीं, २०१६ च्या ऑक्टोबरांत, ते प्रभुघरीं गेले. दुखवट्यामुळें त्या नाताळांत घरांत कंदील नाहीं, कढई नाहीं. मागितलें तेंच मिळालें होतें. चोवीस तारखेच्या सायंकाळीं मी ओट्यावर रिकाम्या हातांनीं बसलें होतें आणि गल्लींतल्या प्रत्येक घरांतून गुळाचा वास येत होता. त्या वासाचा मला इतका राग आला, कीं तें पाप मला पुढें पापनिवेदनांत सांगावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं शेजारपाजारचीं ताटें येऊं लागलीं. एक ताट आमच्या हिंदु शेजारणीचें. ती नेवऱ्यांना करंज्याच म्हणते. ताट रिकामें परत पाठवूं नये, म्हणून सून प्रत्येकांत मूठभर साखर घालीत होती. ती हळूच म्हणाली, “आई, पुढल्या वर्षीं दोदोल मला शिकवाल ?”

तेव्हांपासून आम्हां दोघींचें डिसेंबरांत भांडण ठरलेलें. तेल सुटेपर्यंत ढवळावें, असें मी म्हणतें, तिला घाई. शीण आहेच, खर्चही आहे, आणि यजमानांची जागा कढईजवळ रिकामीच आहे. गेल्या वर्षींचा दोदोल जरा करपला. कां, तें तिलाच विचारा. ती तिसऱ्या ओळींत बसली आहे.